बैठकीतला कचरा

ऐकण्यासाठी घरात एक वेगळी खोली असली पाहिजे, हा विचार त्र्यंबकराव आठल्यांच्या डोक्यात भरवला तो डॉक्टर गुरुदत्त वैशंपायनने. गुरुदत्त भूल देणारा डॉक्टर होता. दिवसभर लोकांची शुद्ध घालवायची आणि संध्याकाळी घरी येऊन शुद्धीवर असलेल्यांना आपला स्टिरिओ ऐकवायचा, असा त्याचा दिनक्रम असे. दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसाला हलायला बंदी होती.

गुरुदत्तकडे गाणं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे आवाज ऐकायचे असत. काच फुटल्याचा आवाज, आगगाडी उजव्या भिंतीतून येऊन डाव्या भिंतीत गेल्याचा आवाज, कुठल्याशा जपानी ढोलाचा आवाज. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची. ती कुठे ठेवायची याच्या खुणा त्याने गालिच्यावर खडूने केल्या होत्या, कारण त्या जागेपासून वीतभर जरी सरकलं तरी म्हणे आगगाडी रुळावरून घसरायची.

"ऐकलास का स्पेस?" ढोल थांबल्यावर गुरुदत्त विचारायचा.

"वा! ऐकला," त्र्यंबकराव म्हणायचे. स्पेस नेमका ऐकायचा कसा हे त्यांना कळलेलं नसे, पण ते स्वतः इंजिनिअर होते आणि एका डॉक्टरने ऐकलेली गोष्ट आपल्याला ऐकू आली नाही हे कबूल करणं त्यांना जड जात होतं.

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, त्र्यंबकरावांचं स्वतःचं घर होतं, पण त्या घरातलं संगीत स्वयंपाकघरात राहत असे. गराज सेलमधून आणलेलं स्पूलचं एक जुनं मशीन तिथे मायक्रोवेव्हच्या शेजारी बसलेलं होतं आणि त्यावर एकच टेप वाजायची. ती सुलभाची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, माहेरची टेप. वाईला तिच्या वडिलांच्या दिवाणखान्यात केतकरमास्तरांची बैठक झाली होती, तेव्हा कुणीतरी मध्ये मायक्रोफोन ठेवून ती उतरवून घेतली होती. मास्तर मोठे नावाजलेले नव्हते, पण गळा खरा होता. सुलभाचे वडील आप्पा गाणारे नव्हते, ऐकणारे होते. असे ऐकणारे की मास्तर म्हणायचे, "आप्पा नसले तर मी तंबोरा गवसणीतून काढत नाही."

आप्पा गेले तेव्हा सुलभा इकडेच होती. तिकीट मिळून ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाने विचारलं, आप्पांचं काही हवं का तुला, तेव्हा तिने ही टेप मागून आणली. दर रविवारी सकाळी ती टेप लावायची आणि कणीक भिजवायची.

आता या टेपमध्ये गाण्याखेरीज बरंच काही होतं. अडकित्त्याचे कटकट आवाज होते, खोकले होते, कपबश्या होत्या. आप्पांचं "वा!" होतं, "जियो मास्तर!" होतं, आणि एका जागी, मास्तर आलापीत जरा श्वास घ्यायला थांबले असताना, आप्पांचा ठणठणीत आवाज होता: "सुलू, खिडकी लाव गं. तंबोऱ्यावर वारा येतोय." मग कुणाच्या तरी पायातल्या पैंजणांचा आवाज आणि खिडकी लागल्याचा आवाज. मग पुन्हा मास्तर.

घरी पाहुणे आले की सुलभा ती जागा मुद्दाम ऐकवायची आणि कपाळावर हात मारायची. "हे आमचे आप्पा! दोन मिनिटं गप्प बसतील तर शपथ. सबंध बैठक नासवलीय माणसाने."

त्र्यंबकरावांच्या एकूण आयुष्यातली अडचण ही, की माणूस बोलतो तेच त्याच्या मनात असतं अशी त्यांची समजूत होती. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात त्यांना दुसरं काही शिकवलेलं नव्हतं. तक्रार आली की तिची नोंद घ्यायची आणि दुरुस्ती करायची. सुलभाची ही तक्रार त्यांनी गेली कित्येक वर्षं मनात नोंदवून ठेवली होती.

तर खोली. खोली तळघरात करायची ठरली आणि ही बातमी फुटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. गुरुदत्त म्हणाला, भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लाव, आवाज परतून येत नाही. आठल्यांकडे अंडं केकच्या रूपाखेरीज उंबरठा ओलांडत नसे. त्यामुळे त्र्यंबकरावांनी महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवरून जाहीर विनंती केली, की ज्यांच्याकडे अंड्यांचे रिकामे ट्रे असतील त्यांनी ते कृपया आठल्यांकडे पोहोचवावेत. ज्यांच्याकडे अंडी सर्रास चालत होती त्यांनीही एकमेकांकडे बघून खांदे उडवले. पुढचे आठ-पंधरा दिवस मात्र अंधार पडल्यावर आठल्यांच्या दाराशी निनावी ट्रे येऊन पडत होते. आपल्या शाकाहारी मंडळींनी एवढी अंडी कधी खाल्ली याचा सुलभाला अचंबा वाटला, आणि पुढच्या हळदीकुंकवात "सुलभाताई, तुमच्याकडे हल्ली ऑम्लेटं फार होतात म्हणे" हे तिला हसत ऐकून घ्यावं लागलं.

शेजारच्या फ्रँकने एवढे पुठ्ठे आत जाताना पाहिले, नंतर लाकडाच्या फळ्या आणि काचलोकरीच्या गुंडाळ्या पाहिल्या आणि तो कुंपणापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "बॉम्ब शेल्टर?"

"नो, नो. म्युझिक," त्र्यंबकराव म्हणाले.

"शुअर," फ्रँकने डोळा मारला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या गराजमधलं जुनं कार्पेट आणून दिलं आणि सांगितलं, वेळ येईल तेव्हा हे कुणी दिलं ते विसरू नकोस. ते कार्पेट त्याच्या कुत्र्याच्या वापरातलं होतं. खोली पुरी झाल्यावरही हवा दमट असली की तो कुत्रा तिथे येऊन बसल्याचा भास व्हायचा.

मग टाउनशिपचा इन्स्पेक्टर आला. तळघरात नवी भिंत घालायला परवानगी लागते हे त्र्यंबकरावांना माहीत होतं, पण भिंतीच्या आत भिंत घालायलाही लागते हे माहीत नव्हतं. इन्स्पेक्टर सज्जन माणूस होता. त्याने ट्रे पाहिले, गाद्या ठोकलेलं दार पाहिलं, मधोमध ठेवलेली एकटी खुर्ची पाहिली, आणि तो दोन पावलं मागे सरकून दाराशी उभा राहिला.

"ही खोली कशासाठी आहे, सर?"

"ऐकण्यासाठी."

"काय ऐकण्यासाठी?"

"सध्या काही नाही," त्र्यंबकराव खरं तेच बोलले. "अजून तयारी चालू आहे."

फॉर्मवर बेडरूम, फॅमिली रूम आणि स्टोअरेज एवढेच रकाने होते. बेडरूम म्हटलं तर बाहेर पडायला खिडकी पाहिजे. फॅमिली रूम म्हटलं तर इन्स्पेक्टरने त्या एका खुर्चीकडे पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. शेवटी दोघांच्या संमतीने स्टोअरेज ठरलं. ज्या खोलीसाठी आपण सबंध हिवाळा राबलो ती सरकारदरबारी अडगळीची खोली म्हणून लागली, हे त्र्यंबकरावांच्या मनाला फार लागलं.

खोली तयार झाली. पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर आले. गुरुदत्तने स्वतः येऊन खुर्चीच्या खुणा केल्या. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर ऐकू येते म्हणून ऐकताना फर्नेस बंद ठेवायची असं ठरलं, आणि मार्चमधल्या रविवारी सुलभा घरात कोट घालून पोळ्या लाटू लागली. कपडे धुण्याचं मशीन, डिशवॉशर, फ्रीज, सगळ्यांना सुट्ट्या मिळाल्या.

"अहो, ही एकच खुर्ची आहे. मी कुठे बसू?" सुलभाने खाली येऊन विचारलं.

"साउंड एकाच जागी नीट लागतो," त्र्यंबकराव म्हणाले. "आपण आलटून पालटून ऐकू."

"गाणं आलटून पालटून?" ती म्हणाली आणि वर निघून गेली. स्वयंपाकघरातलं स्पूलचं मशीन तेवढं थोड्या दिवसांसाठी खाली न्यायला तिने परवानगी दिली. मायक्रोवेव्हशेजारच्या रिकाम्या जागी तिने मिठाची बरणी ठेवली.

खाली टेप लावली आणि त्र्यंबकराव हादरले. स्वयंपाकघरात आप्पा बिचारे बेताने खोकायचे. इथे ते अंगावर येऊन खोकले. अडकित्ता असा वाजला की त्र्यंबकरावांनी बोटं आखडून घेतली. मुद्दाम ऐकायला आलेला गुरुदत्त तर खुर्चीतून उठलाच.

"यार, मास्तरांचा आवाज काय लागलाय! पण हा कोण माणूस मधेमधे ओरडतोय?"

"माझे सासरे."

"काढून टाक की. प्रोफेशनल लोक काय करतात? ब्लेडने टेप कापतात, नको तेवढी काढतात आणि जोडतात. सर्जरी आहे यार, साधी सर्जरी."

सुलभाचा चाळिसावा वाढदिवस जूनमध्ये होता. तिची इतक्या वर्षांची तक्रार दूर करून तिला स्वच्छ बैठक भेट द्यायची, या कल्पनेने त्र्यंबकरावांना एकदम गहिवरून आलं. हे इथे नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात या गहिवराचा कुणाला उपयोग झाला नाही. त्यांनी ते प्रेमाने केलं.

टेपची आधी एक नक्कल करून ठेवावी, हा विचार कुणाच्याही मनात आला असता. सुलभा तर कधीची म्हणत होती, "अहो, कॅसेटवर उतरवून ठेवा ना, टेप जुनी झालीय." पण नकलेत खरखर वाढते, अस्सल ते अस्सल, असं गुरुदत्तचं आणि म्हणून त्र्यंबकरावांचं मत होतं. दिवसा ते एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. कंपनीची सगळी माहिती दर आठवड्याला दुसऱ्या टेपवर उतरवली जाते की नाही यावर देखरेख करणं, हे त्यांचं काम होतं. त्या कामात त्यांना दोनदा बढती मिळाली होती.

मे महिनाभर ते तळघरात बसले. रिळं हाताने पुढेमागे फिरवून खोकला नेमका कुठे सुरू होतो ते शोधायचं, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, धातूच्या पट्टीतल्या खाचेत टेप बसवून तिरकं ब्लेड मारायचं, दोन्ही टोकं चिकटवायची. पहिल्या दिवशी एका जोडाला तासभर लागला. नंतर ते इतके तरबेज झाले की जोड कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच सापडेना. अडकित्ता गेला. कपबश्या गेल्या. "वा!" गेलं. "जियो" गेलं. आप्पांचं खिडकीचं वाक्य चांगलं हातभर भरलं. ते पैंजणांसकट अलगद निघालं आणि मास्तरांचा आलाप असा जुळून आला की त्र्यंबकरावांनी स्वतःचीच पाठ थोपटली. कापलेले तुकडे त्यांनी टोपलीत टाकले. टोपली भरली की कचऱ्यात जायची. गालिच्यावर सांडलेलं व्हॅक्यूमने ओढून घेतलं जायचं, कारण खोलीच्या स्वच्छतेबाबत ते कडक होते.

वाढदिवसाला गुरुदत्त आला, त्याची बायको पद्मिनी आली आणि भारतातून आलेले त्याचे वडील जगन्नाथकाका आले. जेवणाआधी सगळ्यांना तळघरात नेण्यात आलं. सुलभाला खुर्चीत बसवलं आणि बाकीचे भिंतीला लागून रांगेने उभे राहिले, म्हाताऱ्या जगन्नाथकाकांसकट. जोडे बाहेर काढायला लावल्यामुळे देवळात आल्यासारखं वाटत होतं, शिवाय कार्पेटचा वास.

"सुलभा, हे तुला प्रेझेंट," म्हणून त्र्यंबकरावांनी मशीन सुरू केलं.

तंबोरे सुरू झाले. मास्तरांचा षड्ज लागला. आवाज खरोखरच सुरेख लागला होता, जणू मास्तर समोर येऊन बसले होते. सुलभाने डोळे मिटले. तिचा चेहरा असा खुलला की ट्रे, परवानग्या, महिनाभराची पाठदुखी, सगळ्याचं चीज झालं असं त्र्यंबकरावांना वाटलं. एकदा ती जरा थबकल्यासारखी झाली. मग आलाप वर चढला, आणि तिने डोळे न उघडता हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आधीपासूनच कुणी बोलत नव्हतं.

"आता हं," ती हसत म्हणाली. "आता बघा."

मास्तर थांबले नाहीत. आलाप सरळ पुढे गेला.

सुलभाचा हात तसाच वर राहिला. तिने डोळे उघडले. आधी मशीनकडे पाहिलं, मग डाव्या स्पीकरकडे, मग उजव्या.

"अहो," ती म्हणाली, "आप्पा कुठे गेले?"

"काढले!" त्र्यंबकराव आनंदाने म्हणाले. "सगळे काढले. खोकले, अडकित्ता, सगळं. आता नुसतं गाणं आहे."

ती खोलीच अशी बांधलेली होती की न बोललेलं जास्त ऐकू यावं. टेप मात्र चालूच होती. चीज सुरू झाली, तबला आला, समेवरचं आप्पांचं "वा!" आणि त्याच्याबरोबर एक मात्रा जिथून कापली गेली होती ती जागा आली, आणि जगन्नाथकाका दचकून म्हणाले, "अरेरे, तबलजी पडला वाटतं?"

"बाबा, प्लीज," पद्मिनी हळूच म्हणाली.

"छान झालीय टेप," सुलभा उठत म्हणाली. "पुऱ्या तळायच्यात मला." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्र्यंबकरावांना उत्तर तरी देता आलं असतं. जिन्यात तिचा तोल गेला आणि तिने कठडा धरला, एवढं त्यांनी खालून पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं. इतकी वर्षं ती गाणं ऐकतच नव्हती असं नाही, पण गाण्यातून ती आप्पांची वाट बघत होती. ते दर रविवारी एकदा तिला हाक मारत होते आणि ती हाक त्र्यंबकरावांनी स्वतःच्या हाताने, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करून, कापली होती.

पाहुणे पुऱ्या खात असताना यजमान गराजमध्ये कचऱ्याच्या पिशव्या उपसत होते. बहुतेक टोपल्या केव्हाच गेल्या होत्या. कचऱ्याच्या बाबतीत टाउनशिप फार वक्तशीर होती. व्हॅक्यूमची पिशवी तेवढी उरली होती. ती त्यांनी वर्तमानपत्रावर उलटी केली आणि ते धुळीत हात घालून बसले. फ्रँक कुंपणापाशी आला, त्याने धुळीने माखलेला टिम पाहिला – शेजारीपाजारी आणि ऑफिसात त्र्यंबकरावांना टिम म्हणत – आणि तो काही न विचारता परत गेला.

मूठभर तुकडे सापडले. ते पुसून, चिकटवून त्यांनी दुसऱ्या रिळावर चढवले. काही उलटे जोडले गेले, ते पुन्हा सोडवून सुलटे केले. आठवड्याने त्यांनी मशीन वर नेलं, मिठाची बरणी हलवून जुन्या जागी ठेवलं आणि सुलभाला बोलावलं.

त्या टेपमध्ये गाणं अजिबात नव्हतं. अडकित्ता होता, कपबशी होती, अर्धा "वा" होता आणि एकापाठोपाठ एक खोकले होते. सुलभा कान देऊन ऐकत होती. मध्येच तिला हसू फुटलं.

"हा गोरेवकिलांचा खोकला. हाही त्यांचाच. काय खोकायचे हो ते!" मग हसू थांबलं. "आप्पा असे नाही खोकायचे."

"आणि तो 'वा'?"

"परत लावा." त्यांनी परत लावला. ती मशीनपाशी वाकली. "असेल आप्पांचा. अर्ध्यावरून काय सांगणार?"

"सुलभा, माझं चुकलं," त्र्यंबकराव म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे वाक्य त्यांनी याआधी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली. "मीच तर सगळ्यांना सांगत होते, नासवली म्हणून."

तळघरातली खुर्ची वर आली. स्पीकर गुरुदत्तकडे गेले. त्याच्या आगगाडीला आता चार भिंती मिळाल्या. इन्स्पेक्टर शेवटच्या तपासणीला आला तेव्हा खोलीत जुन्या बॅगा, बर्फ उपसायची फावडी आणि हिवाळ्याचे कोट होते. "स्टोअरेज," तो समाधानाने म्हणाला आणि त्याने सही केली.

बरेच रविवार स्वयंपाकघरात काहीच वाजलं नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्र्यंबकराव टेबलाशी पेपर वाचत होते. सुलभा परातीत पीठ घेत होती. तिने आपण होऊन हात पुसले आणि ती स्वच्छ टेप लावली. त्र्यंबकरावांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पुढची ओळही वाचली नाही.

मास्तर गात होते. एकेक जोड येत होता आणि जात होता. दुसऱ्या कुणाला ते कळले नसते, पण त्र्यंबकरावांना आता प्रत्येक जोड ऐकू येत होता, इतका स्पष्ट की तळघरातल्या त्या स्पीकरवरही आला नसता. आलाप वर चढला. ती जागा आली आणि निघून गेली.

सुलभाने परात बाजूला सारली, हात पदराला पुसले, आणि उठून खिडकी लावली.

बाहेर रणरणतं ऊन होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. ती परत येऊन कणीक मळायला बसली. थोड्याच वेळात स्वयंपाकघर तापलं, त्र्यंबकरावांच्या कपाळावरून घाम ओघळून पेपरवर पडू लागला. टेप संपेपर्यंत त्यांनी खिडकी उघडली नाही.